उजवी बाजू

भीमराजने मगभर पाणी गाडीच्या उजव्या दारावर ओतलं आणि मान तिरकी करून पाहिलं. दोरीवर वाळत घातलेली साडी ओल्या पत्र्यात सरळ दिसायला हवी होती. ती तीन ठिकाणी मोडली होती.

"परत?" उंबऱ्यात बसून मेथी निवडणाऱ्या साधनाने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"परत."

चौथ्यांदा भरलेली पुट्टी त्याने चौथ्यांदा घासायला घेतली.

गाडी घरमालकांची, बबनरावांची. रहाटणीतले ते जुने शेतकरी. जमीन गेली, इमारती उभ्या राहिल्या, पण पहिल्यांदा घेतलेली ही मारुती त्यांनी काही विकली नाही. त्यांच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, तिच्यापुढे नारळ फोडला होता आणि आता मंजुळाबाई नव्हत्या, एवढं कारण त्यांना पुरेसं होतं. तिचा चेपलेला पत्रा सरळ करायला गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च ऐकून त्यांचे डोळे पांढरे झाले, तेव्हा कुठे त्यांना चाकणच्या कंपनीतून कमी केलेला आपला भाडेकरू आठवला.

"पेंट शॉपला व्हतास ना रं?"

"बावीस वर्षं, नाना."

"मंग पत्रा सारखा कर की हितंच दारात, रंगाचं मागनं बघू. दसऱ्याच्या आत गाडी उभी कर, माझा रिकामा गोठा तुला. घाल तुझं गॅरेज."

त्रेपन्नाव्या वर्षी कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही. गोठा नाही तर ताथवड्याच्या एका कॉलेजच्या फाटकावर वॉचमनची नोकरी होती. साधनाच्या भावाने तिथे शब्द टाकून ठेवला होता. गोठा म्हणजे स्वतःचं काम, अंगात मुरलेलं. भीमराजने मान डोलावली आणि तिथेच फसला.

बाहेरच्यांना पेंट शॉप म्हणजे रंगकाम वाटतं. भीमराजने बावीस वर्षांत एकही गाडी रंगवली नव्हती. पट्ट्यावरून गाडी आली की तिची डावी बाजू तळहाताने चाचपायची, उंचवटा लागला तर पॉलिश पेपरने घासायचा, तोवर पुढची हजर. फक्त डावी. उजवीला शेखर असायचा. डावीकडे उभं राहिलं की गाडीचं नाक आपल्या डाव्या हाताला येतं. उजवीकडे गेलं की सगळंच उलटं, आणि हात परका होतो. हे भीमराजला आता या वयात, घरमालकाच्या गाडीवर कळत होतं. डावी बाजू लोण्यासारखी झाली होती आणि उजवी तळलेल्या पापडासारखी.

नाइलाजाने त्याने शेखरला फोन केला.

रविवारी शेखर दापोडीहून बसने आला आणि चहाची सुट्टी संपल्यासारखा थेट उजवीकडे जाऊन उभा राहिला. दिवसभर दोघं समोरासमोर, मधे गाडी. फार बोलणं झालं नाही. कंपनीतही कधी होत नसे. मास्कमुळे एकमेकांचे डोळे तेवढे ओळखीचे. शेखरचे वरचे दोन दात पडलेत, हे भीमराजला आज दिसलं. उन्हं कलली तेव्हा त्यांनी दारावर पाणी ओतलं. या वेळी कुठेच काही मोडलं नाही.

"गोठा मिळतोय," भीमराज म्हणाला. "दोघं मिळून करू. तू उजवी, मी डावी."

शेखर हात धूत होता. "नको रे भीमा. एटीएमवर असतो मी आता. तिथं खुर्ची देतात."

"अरे, पण हे आपलं काम..."

"बावीस वर्षं उभा होतो, राव. आता बसू दे."

भीमराजला रागसुद्धा आला नाही. त्याच्या स्वतःच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या.

सोमवारी सकाळी बबनराव आले. डाव्या बाजूवरून हात फिरवत मागून वळून उजव्या दाराशी थांबले. "मंजुळा असती तर..." एवढंच म्हणाले. मग खिशातून गोठ्याची किल्ली काढली.

"पुतण्याची जीप उद्या लावतो. चारी अंगानं चेपलीया. एकटा करशील न्हवं?"

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे भीमराजला कळत होतं. दारात उभी असलेली साधना डोळ्यांनी सांगत होती, हो म्हणा, नंतरचं नंतर. पण बबनरावांचा हात अजून उजव्या दारावरच होता, आणि दुसऱ्याच्या कामाची शाबासकी खिशात घालणं त्याला काही जमेना.

"नाना, ही बाजू माझी न्हाई. माझ्या जोडीदारानं केली, शेखरनं. मला एकच बाजू येते."

"मंग घे की त्याला संगं."

"येत न्हाई म्हणला."

बबनरावांनी दारावरचा हात काढून घेतला. "गाडीला दोन बाजू असत्यात, भीमराज," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच भीमराजला जास्त लागलं. किल्ली पुन्हा खिशात गेली.

दुपारी साधनाने फडकं थिनरमध्ये भिजवलं, त्याचा हात मांडीवर घेतला आणि नखांतली, पेरांतली पुट्टी काढत बसली. उद्या कॉलेजातल्या साहेबांना भेटायचं होतं. हात स्वच्छ हवेत. एक हात झाला. दुसरा घेतला, तसा भीमराजने तो हळूच मागे ओढला.

"हा राहू दे," तो म्हणाला. "आजच्या दिवस."

साधनाने फडकं बाजूला ठेवलं आणि तशीच त्याच्याशेजारी बसून राहिली.