पाच तुला, पाच मला

"दुसऱ्याची शी? माझ्या पोटात?" डॉक्टरीणबाईंसमोरच बायकोने तोंडावर हात धरला.

"दुसऱ्याची कशाला? माझी आहे की," नवरा म्हणाला.

"घ्या! संसारात एवढंच द्यायचं राहिलं होतं यांचं." ती हसली, आणि हसता हसता पोट धरून संडासाकडे धावली. सकाळपासूनची ही अकरावी खेप.

तो तीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा. गल्लीत त्याला सगळे 'अर्धे डॉक्टर' म्हणत आणि त्यालाही ते आवडे, खोटं कशाला बोला. बायकोच्या आतड्यातला जंतू मात्र पुऱ्या डॉक्टरांनाही दाद देत नव्हता. पहिल्यांदा दहा दिवसांच्या गोळ्या झाल्या. मग एक महागडं औषध. तिसऱ्यांदा डोस हळूहळू कमी करत दोन महिने. दर वेळी जरा बरं वाटायचं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता हा उपाय उरला होता: निरोगी माणसाच्या शौचातले चांगले जंतू नळीवाटे तिच्या पोटात सोडायचे. बहुतेकांना गुण येतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ती परत येऊन बसली. बाई दाता म्हणून त्याचा अर्ज भरू लागल्या. कावीळ? नाही. पोटाचं दुखणं? नाही.

"गेल्या तीन महिन्यांत कुठलं अँटिबायोटिक घेतलंय?"

पाच आठवड्यांपूर्वी दोघांनाही खोकला झाला होता. मला विचारल्याशिवाय हिला एकही अँटिबायोटिक द्यायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. पण खोकल्यासाठी डॉक्टर गाठला तर तो अर्धा डॉक्टर कसला? त्याने एक स्ट्रिप आणून मधोमध कापली. पाच तुला, पाच मला. आठवड्यात तिचं दुखणं उलटलं.

नाही म्हटलं असतं तर कोण बघायला होतं? पण त्या गोळ्यांनी त्याच्याही पोटातले चांगले जंतू मारले असणार, एवढं त्यालाही कळत होतं.

"घेतलंय, पाच आठवड्यांपूर्वी. आणि हिलाही मीच दिलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मीच मागितल्या हो गोळ्या," बायको घाईघाईने म्हणाली. साफ खोटं. तिने फक्त गरम पाणी मागितलं होतं.

"घरात दुसरं कोणी?"

"आम्ही दोघंच."

"मग तुमचे तीन महिने भरेपर्यंत आठ आठवडे थांबावं लागेल. तोवर जुनंच औषध."

"आठ आठवडे काय, असे जातील," घरी येताना तीच त्याला धीर देत होती.

सहाच गेले. सातव्यात ती गेली.

ठरल्या तारखेला हॉस्पिटलातून फोन आला. "तुमचे तीन महिने झाले. रक्त तपासायला या." फोनवरच्या मुलीला कोणी काही सांगितलंच नव्हतं. तोही बोलला नाही. जाऊन रक्त देऊन आला. रिपोर्ट चांगले आल्यावर त्यांनी दिलेला डबा सकाळी भरून, कापडी पिशवीत घालून, बसमध्ये मांडीवर सांभाळत पुन्हा गेला.

नर्सने डबा घेतला. त्यावर हॉस्पिटलने आधीच बायकोचं नाव चिकटवलेलं होतं.

"पेशंट कुठल्या वॉर्डात?"

"नाहीये," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला चालत असेल तर घ्या."

नर्सने पेन काढलं आणि नाव खोडायला घेतलं. पूर्ण खोडून होईपर्यंत तो तिथेच उभा होता.