विंचवाच्या विषाची फाइल

एमनाला तिची घाईच नडली. ट्यूनिसच्या आमच्या प्रयोगशाळेत ही बाई कॉफीसुद्धा उभ्याने पिते.

"शिराझ, बघ ना, केव्हाचं मोजतंय! एवढी प्रोटीनं निघाली का माझ्या विंचवांत?"

मी पडद्यावरची तिची आज्ञा वाचली. आमच्या फाइलींत प्रत्येक प्रोटीनच्या नावाआधी > हे चिन्ह असतं. ती चिन्हं मोजली की प्रोटीनं मोजून होतात. पण आज्ञा लिहिताना चिन्हाभोवती अवतरणचिन्हं घालावी लागतात, नाहीतर संगणकाला तो हुकूम वाटतो: पुढे नाव लिहिलेली फाइल रिकामी कर आणि उत्तर तिच्यात ओत. एमनाने ती घातलीच नव्हती.

"अगं बये, ते मोजत नाहीये. काय मोजायचं, याची नुसती वाट बघत बसलंय. फाइल बघ तुझी."

फाइल रिकामी होती. एमनाच्या तोंडचं पाणी पळालं. विषातल्या प्रोटीनांची एकेक ओळ तिने वर्षभर डोळे फोडून दुरुस्त केली होती आणि प्रबंध सगळा त्यावरच उभा होता. दुसरी प्रत ती रोज उद्या काढणार होती.

मी घाईघाईने शोधलं, फाइल आणखी कुणी उघडलीय का. एकाने उघडली होती. आमचे मार्गदर्शक सी मौल्दी, म्हणजे मौल्दीसाहेब, ती वाचत होते.

"त्यांच्या एडिटरमध्ये फाइल उघडी आहे तोवर जुनं सगळं शाबूत असणार. त्यांनी नुसतं सेव्ह केलं तरी वाचलीस. पळ, सांग त्यांना!"

"काय सांगू? जिवंत सोलतील मला!"

त्यांच्या दाराशी पोचलो, तर हिचा हात वर उठेना. मी ठोठावायला गेले, तर माझं मनगट धरलं.

"थांब, तुला आईची शपथ. वाक्य तरी जुळवू दे."

खोटं कशाला बोलू, सी मौल्दींपुढे माझीही पाचावर धारण बसते. मी थांबले. ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत राहिली.

दार आतूनच उघडलं. सी मौल्दी कोट चढवत बाहेर आले.

"काय गं पोरींनो, दारात काय उभ्या? जुम्म्याच्या नमाजाला उशीर होतोय मला. एमना, फाइल वाचली तुझी. नजर लागावी असं काम केलंयस."

"सी मौल्दी, ती... उघडी आहे ना अजून?"

"छे, आत्ताच बंद केली. काळजी करू नकोस, एक अक्षर बदललं नाही. सेव्हसुद्धा केली नाही."