घोड्याच्या पोटात

त्या बालनाट्याला आता अकरा वर्षं झाली. आमचं मंडळ हौशी. राजा झालेला माणूस एरवी टपाल वाटायचा, रंगभूषा करणारी बाई दवाखान्यात नर्स होती. मी शिवणकाम करते, म्हणून दोघांनी आत शिरायचा घोडा मीच शिवला. पुढचे पाय माझ्या दिरांचे, मागचे माझे. भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात. ठेका कधी चुकायचे नाहीत.

मध्यंतरात घोड्याच्या पोटाची चेन तुटली. आम्ही तसेच आत शिरलो आणि नर्सबाईंनी बाहेरून दुहेरी दोऱ्याने पोट शिवून टाकलं. वर मीच आतून सांगत होते, "टाके जवळजवळ घाला हं."

पडदा उघडला. मी वाकून, भाऊजींची कंबर धरून चालत होते. त्यांचा सदरा ओलाचिंब आणि गार लागला.

"वहिनी," ते पुटपुटले, "कुठं चाललोय आपण?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. "सिंहासनाकडे. डावीकडे वळा."

"दुकान बंद केलं का?"

मग माझ्या लक्षात आलं. भाऊजींना मधुमेह. सकाळी इंजेक्शन घेतलेलं, आणि गडबडीत जेवण राहिलेलं; साखर उतरली असणार. मी काही बोलणार तोच त्यांचे गुडघे गेले. आम्ही दोघं कोसळलो.

मुलं खदाखदा हसली.

"आमचा घोडा रुसला!" राजाने वेळ मारून नेली आणि ढोल जोरात वाजायला लागला. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते, पण कापसाच्या अस्तरातून आवाज बाहेर जाईना. अंधार, घामाचा वास, आणि भाऊजींचा श्वास ऐकू येतोय की माझाच, तेही कळेना. शेवटी शिवण चाचपली आणि दोरा दातांत धरला. हिरडीतून रक्त आलं, पण टाका तुटला. मग दुसरा. हात बाहेर निघाला तशी मुलं आणखीच चेकाळली. मग डोकं.

"साखर आणा! साखर!"

"घोड्याला साखर! घोड्याला साखर!" अख्खं सभागृह टाळ्यांच्या ठेक्यावर ओरडायला लागलं. राजाही हसत होता. मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि तो विंगेकडे धावला.

"पडदा पाडा!"

कात्रीने घोडा फाडला. भाऊजी पांढरेफटक. नर्सबाईंनी त्यांना कुशीवर वळवलं आणि बोटाने हिरड्यांना साखर चोळली, थोडीथोडी, पुन्हा पुन्हा. बाहेर मुलांच्या टाळ्या चालूच. किती वेळ गेला कोण जाणे. मी त्यांचा हात घट्ट धरून बसले होते. जाऊबाईंना काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

रुग्णवाहिका दारात आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. "वहिनी, तुमच्या तोंडाला रक्त?"

तेव्हा कुठे मला रडू फुटलं.

भाऊजी आता तो किस्सा रंगवून रंगवून सांगतात आणि सगळे हसून हसून बेजार होतात. मी मात्र चहाचं निमित्त काढून आत निघून जाते.