काचेच्या कपाटातला चुकीचा कार्बन

मी एक जुना लाकडी अणू आहे. कार्बनचा. नागपुरात उमरेड रोडवरच्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात, कुलपात राहतो. मित्रांनो, माझी गोष्ट गोड नाही. गोड हवी असेल तर दुसऱ्या कुणाची वाचा.

मला नागसेन सरांनी बनवलं. सुताराकडून सुपारीएवढे बारा लाकडी गोळे करून आणले. सहा लाल रंगवले. ते प्रोटॉन, त्यांच्यावर धनप्रभार. सहा पांढरे. ते न्यूट्रॉन, त्यांच्यावर कसलाच प्रभार नाही. बाराही गोळे एकमेकांना चिकटवून मधोमध बसवले, ते झालं माझं केंद्रक. भोवती जाड तारेची दोन वळी, एक लहान, एक मोठं. ही कवचं. वळ्यांवर सहा निळे काचेचे मणी, म्हणजे इलेक्ट्रॉन. त्यांच्यावर ऋणप्रभार. आतल्या वळ्यावर दोन, बाहेरच्यावर चार. सहा धन आणि सहा ऋण एकमेकांना बरोबर खोडून काढतात, म्हणून अख्ख्या अणूवर प्रभार शून्य.

सर दरवर्षी मला टेबलावर ठेवायचे आणि सगळ्यात आधी माझ्यात खोटं काय आहे ते सांगायचे.

"पोरंहो, हा अणू खोटा हाय. खऱ्या अणूत अशी तारेची वळी नसतात, समजाले सोपं जावं म्हणून म्या लावली. अन् केंद्रक एवढं संत्र्याएवढं धरलं, तर इलेक्ट्रॉन पार किलोमीटरभर लांब पायजेत. वजन जवळपास सगळं केंद्रकात. मधात काय? काहीच नाही."

मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, "सर, मंग मी बी आतून पोकळच हावो का?"

"तू जरा जास्तच हायेस बे."

वर्ग हसायचा. मग एकेक पोरगं पुढं यायचं आणि बोटानं माझे मणी मोजायचं. कुणाच्या बोटाला शाई, कुणाच्या बोटाला चिवड्याचं तेल. मी मळायचो, वळी वाकडी व्हायची, सर रविवारी येऊन सरळ करायचे. पण आत दोनच का आणि तिसरा का नाही, हे विचारल्याशिवाय पोरगं जागेवर जात नसे. आतल्या कवचात दोनच मावतात, ते भरलं की पुढचा बाहेर जातो. एवढी साधी गोष्ट मोजूनच डोक्यात बसते.

सर निवृत्त झाले. प्रेमलता मॅडम आल्या आणि मी कपाटात गेलो. "पोरं फोडतील," म्हणाल्या. पुढची सात वर्षं एकाही पोराचं बोट मला लागलं नाही. मध्येच कधीतरी पोषण आहाराच्या तांदळाची पोती प्रयोगशाळेत रचली. पोत्यांना जागा करायला कपाट सरकवलं, मी आडवा पडलो, आणि बाहेरच्या वळ्याचा एक मणी निखळून फळीवर पडला. तिथंच दोन वर्षं राहिला. विज्ञानाच्या खोलीत तांदूळ सांभाळला गेला, विज्ञान नाही.

मग यंदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार असल्याचं पत्र आलं. शाळा धावपळीत चकाचक व्हायला लागली. बंटी रंगारी प्रयोगशाळेतली स्टुलं रंगवत होता. मॅडम म्हणाल्या, "याच्यावर पण मार जरा हात." त्यानं उरलेल्या चॉकलेटी रंगात माझे बाराही गोळे बुडवून काढल्यासारखे केले. प्रोटॉन कोणता, न्यूट्रॉन कोणता, देव जाणे. मग त्यानं फळीवरचा मणी उचलला.

"मॅडम, हा कुठचा व्हय?"

मॅडम फोनवर बोलत होत्या. "लाव ना कुठंही. दिसाले पायजे फक्त."

त्यानं हाताशी आलेल्या आतल्या वळ्यावर चिकटवला. पक्का. आत तीन, बाहेर तीन. बंटीला मी दोष देत नाही. त्यानं विचारलं होतं. शिकवायचा पगार त्याला मिळत नव्हता.

तपासणीच्या दिवशी साहेबांना माझी माहिती सांगायला नववीतली मेघा निवडली. तिचे वडील उमरेडच्या कोळसा खाणीत कामाला, ती इथं मावशीकडे राहते. मॅडमनी तिला सांगितलं होतं, नीट बोललीस तर सावनेरच्या विज्ञान प्रदर्शनात शाळेकडून तूच. आणि तिथं निवड झाली तर सुट्टीत पंधरा दिवस विज्ञान शिबिर, खऱ्या प्रयोगशाळेत. मेघानं आजवर परीक्षानळी हातात धरलेली नव्हती. आमच्या परीक्षानळ्याही कुलपातच.

तालमीला मी सात वर्षांत पहिल्यांदा पोरांसमोर आलो. नववीच्या पोरी भोवती वह्या उघडून बसल्या. मेघानं बोटानं मोजलं. परत मोजलं.

"मॅडम, आत तीन आहेत. दोन पायजेत ना?"

"तुले काय करायचं आहे वं? पाठ केलं तेवढं बोल. साहेब काय मणी मोजत बसणार आहेत?"

"पण मॅडम, पोरी हेच वहीत काढून राहिल्या."

"काहून डोकं खाऊन राहिली? सावनेरले जायचं आहे ना तुले?"

जायचं होतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. साहेब आले, मुख्याध्यापक हात जोडून मागं, नववीच्या पोरी भिंतीला लागून उभ्या. मेघानं पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हटलं आणि थांबली. मग म्हणाली, "साहेब, हा कार्बन चुकलेला आहे. आत दोन, बाहेर चार पायजेत. यात तीन-तीन आहेत. अन् गोळे सगळे एकाच रंगाचे आहेत, मग प्रोटॉन दाखवू कुठचे?"

साहेब हसले. मुख्याध्यापक त्याहून मोठ्यानं हसले. "घाबरली साहेब ती. चहा थंड होऊन राहिला." सगळे चहाकडे गेले. मोठी माणसं सहा होती तिथं. एकानंही वाकून सहा मणी मोजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मेघाचं नाव कापलं. शाळेची इज्जत घालवली म्हणे. तिच्या जागी केयूर, संस्थेच्या सचिवांचा पुतण्या. तो मला सचिवांच्या गाडीतून सावनेरला घेऊन गेला आणि तीन-तीन असं धडाधड म्हणाला. परीक्षकांना पुढची चाळीस टेबलं उरकायची होती. आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. केयूर शिबिराला जाणार.

प्रार्थनेच्या वेळी प्रमाणपत्र वाचून दाखवलं. मला मुख्याध्यापकांनी उंच धरलं होतं, म्हणून मला सगळं पटांगण दिसत होतं. सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. मेघा हात खाली सोडून उभी होती. मॅडमनी तिच्याकडे बघून डोळे वटारले. तरीही तिनं हात उचलले नाहीत.

आता प्रमाणपत्र माझ्या शेजारी फ्रेममध्ये आहे, आणि कपाटाला दोन कुलपं आहेत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू तुम्हाला नेहमी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला जपलं म्हणूनच माझी ही गत झाली. तुमच्याही शाळेत असं कपाट असेल. चावी मागा. नाही दिली तर उद्या परत मागा. मला बाहेर काढा, मळवा, मोजा. चूक सापडली तर सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा. त्या दिवशी शेजारी कुणी उभं राहत नाही, हे मी बघितलंय. मेघाच्या शेजारी एक जरी पोरगी उभी राहून म्हणाली असती, "हो साहेब, मीपण मोजलेत," तर त्यांना चहाकडे जाता आलं नसतं.