ऱ्हस्व वेलांटी आधी

नानांचा टायपिंगचा वेग असा, की साहेबांच्या तोंडून वाक्य पुरतं बाहेर पडायच्या आत ते कागदावर उतरलेलं असायचं. पुष्कळदा तर साहेब कागद वाचायचे आणि मग आपल्याला काय म्हणायचं होतं ते ठरवायचे. नानांच्या टेबलामागच्या भिंतीवर एक पाल होती. चौतीस वर्षं टाइपरायटरचा खडखडाट ऐकून ऐकून ती म्हणे चुकचुकायचीसुद्धा ‘महोदय’ अशी सुरुवात करून. पालीचं ज्याला पटेल त्यानं घ्यावं, पण नानांच्या बोटांचं खरं होतं. त्या बोटांना डोक्याची गरज कधी लागलीच नाही.

आणि ते बरंच झालं, कारण दोन वर्षांपासून डोक्याला गळती लागली होती. आधी चष्मा कुठे ठेवला ते गेलं. मग जेवण झालं की व्हायचंय ते गेलं. बायको वारल्याचं गेलं, ते एका परीनं त्यांच्या पथ्यावरच पडलं. आणि चार महिन्यांपूर्वी लेकीचं नाव गेलं.

लेक नोकरी सोडून त्यांच्याजवळ येऊन राहिली होती. नानांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, उठून उभे राहिले आणि म्हणाले, “या मॅडम. बदली होऊन आलात वाटतं?” तेव्हापासून ती त्यांची साहेबीण झाली. रोज दहाच्या ठोक्याला नाना शर्ट खोचून संगणकापुढे बसायचे आणि म्हणायचे, “मॅडम, मसुदे द्या.” ती जुन्या वर्तमानपत्राचं पान हातात द्यायची. ते टाइप झालं की नाना समाधानानं जेवायचे. तिचं साधंच मागणं होतं. एकदा, फक्त एकदा त्यांनी आपल्याला नावानं हाक मारावी.

आता आठ दिवस तेही बंद पडलं होतं. संगणकानं कुणाला न विचारता स्वतःची सुधारणा करून घेतली आणि तेव्हापासून नाना पासवर्ड टाकायचे तर पडद्यावर यायचं, ‘पासवर्ड चुकीचा आहे.’ नाना पुन्हा टाकायचे. पुन्हा तेच. मग ते नुसत्या टेबलावर बोटं आपटत बसायचे आणि जेवणाचं ताट परत जायचं.

शेवटी लेकीनं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. पन्नाशीचा, टक्कल पडलेला गडी. फोनवर कुणीही काहीही विचारलं तरी त्याचं पहिलं उत्तर ‘बंद करून चालू करा’ हेच असायचं, म्हणून सगळा परिसर त्याला रीस्टार्ट म्हणायचा. बायकोशी भांडण झालं की तो घराबाहेर जाऊन पुन्हा बेल वाजवतो, अशीही वदंता होती.

“दुकानात न्या म्हटलं असतं,” लेक म्हणाली, “पण नाना मशीन हलवू देणार नाहीत. मागे नुसता माउस बदलला तर दिवसभर रडले.”

“मग इथेच बघू, ताई. पासवर्ड काय होता?”

“ते मला माहीत असतं तर भाऊ, तुम्हाला कशाला तसदी दिली असती?”

“नानांना विचारलंत?”

“विचारलं. म्हणाले, गोपनीय आहे.”

रीस्टार्टनं एकदा मुद्दाम चुकीचं काहीतरी टाकलं. पडद्यावर खाली बारीक अक्षरात नानांनी कधीतरी लिहून ठेवलेली खूण आली : ‘घरात हाक मारतो ते.’

“हे सोपं आहे की! आईंना काय हाक मारायचे?”

“अगं.”

“म्हणजे?”

“म्हणजे ‘अगं’. उभा जन्म नुसतं ‘अगं’.”

रीस्टार्टनं ‘अगं’ टाकून पाहिलं. चुकीचं. मग लेकीला विचारून घरातल्या मेलेल्या बोक्याचं नाव टाकलं. तेही चुकीचं. “आणि तुम्हाला?”

“टिटवी,” लेक म्हणाली. “लहानपणी मी फार रडायचे म्हणे. पण ते मी पहिल्याच दिवशी टाकून पाहिलंय भाऊ. नाही उघडलं.”

ते तिनं अगदी सहज सांगितलं. त्या दिवशी मात्र ती बाथरूमचा नळ सोडून बराच वेळ आत बसली होती. डोक्यातून गेलो ते गेलोच, पण चांगलं डोकं असतानाही घरात हाक मारायचं नाव म्हणून यांना आपण आठवलो नाही, हे तिला लागलं होतं.

रीस्टार्टनं चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याच्या कोपऱ्यात नाक खुपसलं. “अरे लबाडा! ताई, हे बघा. इथे भाषा इंग्रजी झालीय. सुधारणेच्या भरात यानं परस्पर बदलली. नाना मराठी दाबतायत आणि हा इंग्रजी ऐकतोय. बहिऱ्याशी बोलल्यासारखं चाललंय आठ दिवस.” त्यानं कोपऱ्यावर टिचकी मारून मराठी केलं आणि पडद्यावरच अक्षरांचा तक्ता उघडून दिला. “आता टाका बघू तुमची टिटवी.”

लेकीनं एकेक अक्षर शोधून दाबलं. ट. वेलांटी. ट. व. दीर्घ वेलांटी.

‘पासवर्ड चुकीचा आहे.’

“असू दे,” ती म्हणाली आणि उठली. “माझं नाव नाहीच त्यात. तुम्ही नानांनाच बसवा. मी चहा टाकते.”

नाना आले, खुर्चीत बसले, बाह्या सारल्या. रीस्टार्टनं हळूच पासवर्डच्या चौकटीतलं डोळ्याचं चिन्ह दाबून धरलं, म्हणजे ठिपक्यांऐवजी अक्षरं दिसतील. नानांची बोटं खाली आली, पाच ठोके पडले.

“ताई, इकडे या जरा! नानांच्या टाइपात चूक आहे हो.”

“नानांच्या? शक्य नाही,” म्हणत ती हात पुसत आली. पडद्यावर सुरुवातीलाच एक ऱ्हस्व वेलांटी एकटीच लटकत होती, अक्षर सोडून. तिच्यामागे ट, ट, व, आणि दीर्घ वेलांटी.

तिनं पडद्यावर त्या वेलांटीवर बोट ठेवलं.

“टाइपरायटर,” ती म्हणाली. तिचा आवाज भलतीकडूनच आल्यासारखा झाला. “भाऊ, टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची असते. मग अक्षर. नानांनी मला लहानपणी शिकवलं होतं. मी आपली शाळेतल्यासारखी ट आधी दाबत बसले.”

नानांनी एन्टर दाबलं. संगणक उघडला.

“नाना,” तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “आत्ता तुम्ही काय लिहिलंत?”

“पासवर्ड.”

“पण कुणाचं नाव आहे ते?”

नानांनी खांद्यावरच्या हाताकडे पाहिलं, मग अदबीनं तिच्याकडे. “ते बोटांना ठाऊक, मॅडम. मसुदा द्या, दहा वाजून गेलेत.”

रीस्टार्टनं विनाकारण वायरी गुंडाळल्या, पुन्हा सोडल्या. जाता जाता म्हणाला, “ताई, एक करता येईल. पासवर्डच काढून टाकतो. चालू केलं की थेट उघडेल. पुन्हा भाषा बदलायची भीती नको, त्यांनाही त्रास नको.”

“नको,” ती पटकन म्हणाली. “विचारू दे त्याला. रोज विचारू दे.”

त्या दिवसापासून चहाचं आधण दहाला ठेवायचं तिनं सोडलं. दहाला ती नानांच्या मागे उभी राहायची. पाच ठोके पडायचे आणि ती मनातल्या मनात “ओ” द्यायची. दिवसातून एवढी एकच हाक. नाना त्या दिवसांत दोन पोळ्या जास्त खायचे आणि तीही.

सात आठवडे गेले. एका सकाळी वेलांटी पडली, ट पडला, दुसरा ट पडला आणि बोट तसंच हवेत राहिलं. नानांनी हाताकडे पाहिलं, न सांगता रजेवर गेलेल्या शिपायाच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहावं तसं. मग मान वळवली.

“मॅडम, पुढचं सांगता?”

“व,” ती म्हणाली. “दीर्घ वेलांटी.”

त्यांनी दाबलं. उघडलं. “आभारी आहे,” ते म्हणाले आणि मसुद्यासाठी हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या वेलांटीपासून सांगावं लागलं.