वगळलेले सात

शाळेच्या फाटकावर मोठा फलक होता : सलग नऊ वर्षे निकाल शंभर टक्के! असे फलक वाचून आपल्यापैकी कितीतरी जणांनी मुलांचे प्रवेश घेतले असतील. हा आकडा तयार कसा होतो, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही. शंभर म्हटलं की पुढे विचारण्यासारखं काही उरलंय, असं वाटतच नाही.

तो कसा तयार होतो ते सांगायलाच हवं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचे अर्ज जायच्या आधी सहामाहीत नापास झालेल्यांची यादी निघते. त्यांच्या पालकांना बोलावून एका छापील कागदावर सही घेतात : ‘आमच्या पाल्यास आम्ही स्वेच्छेने बाहेरून परीक्षेस बसवत आहोत.’ सही झाली की मूल शाळेचं राहत नाही. मग ते पास होवो, नापास होवो की घरीच बसो, शाळेच्या निकालाला धक्का लागत नाही. शिक्षकांच्या खोलीत या कामाला ‘समजावणं’ म्हणत, आणि ते वर्गशिक्षकाने उरकायचं असे.

विज्ञानाच्या बाई त्या वर्षी पहिल्यांदाच वर्गशिक्षिका झाल्या होत्या. त्याआधी चौदा वर्षं त्या याच शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. परीक्षानळ्या धुवायच्या, स्टँड पुसायचे, आणि सर शिकवत असले की कपाटाआड उभं राहून ऐकायचं. शिक्षिका व्हायचं हे त्यांचं लहानपणापासूनचं स्वप्न. दोन मुलींच्या वेण्या घालता घालता, घरचं सगळं उरकून त्यांनी पदवी घेतली, मग शिक्षकाची पदवी घेतली, आणि एकेचाळिसाव्या वर्षी हातात खडू धरला. पहिल्या तासाला फळ्यावरची तारीख त्यांनी दोनदा पुसून लिहिली.

पण लोकांची तोंडं कोण धरणार? कुणीतरी हसत हसत म्हणालंच, “आता नळ्या धुणाऱ्या बाई पेपर तपासणार! मार्कांची खैरात होणार बघा.” हे बाईंच्या जिव्हारी लागलं. आपल्या तपासणीला कुणी नाव ठेवता कामा नये, असं त्यांनी ठरवून टाकलं. पुस्तकातला शब्द नसेल तर गुण नाही, अर्धासुद्धा नाही. परिणाम असा की बाकीच्या वर्गांतून यादीत दोन-तीन नावं गेली आणि बाईंच्या एकट्या वर्गातून सात.

त्या सातांत एक मुलगी होती. वर्ग तिला ‘कंपाउंडर’ म्हणायचा. कुणाचा गुडघा फुटला की हिच्या दप्तरातून कापूस आणि पट्टी निघायची. घरी आजी अंथरुणाला खिळलेली आणि आई दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात, त्यामुळे शाळेतून आल्यावर आजीचं सगळं हीच बघायची. तिला नर्स व्हायचं होतं. विचारेल त्याला ती हे सांगायची, न विचारणाऱ्यालाही सांगायची.

तिची आई अर्ध्या दिवसाची रजा काढून शाळेत आली. “बाई, अगदीच नाही का जमणार तिला?”

“सध्या तरी नाही. बाहेरून बसू दे. अभ्यासाला वेळ मिळेल,” बाई पाठ केल्यासारखं बोलल्या.

“तुम्ही सांगताय म्हणजे विचार करूनच सांगत असाल.” आईने सही केली आणि बिचकत म्हणाली, “आमची पोरगी सारखं तुमचंच नाव घेते हो. म्हणते, बाई या वयात शिकल्या, मग मला काय झालंय?”

बाईंनी कागद फाइलीत लावला. मुलगी दाराशीच उभी होती. ती रडली नाही. “बाई, प्रयोगवही जमा करू का?” एवढंच तिने विचारलं.

चार दिवसांनी संध्याकाळी सासऱ्यांनी विषय काढला. ते एकतीस वर्षं बसचे ड्रायव्हर होते. बाई कॉलेजात जायच्या तेव्हा “तू जा, मी आहे” म्हणत नातींना सांभाळणारे हेच.

“सूनबाई, चार दिवस झाले, धड जेवत नाहीस. काय झालंय?”

बाईंनी सगळं सांगितलं. सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

“म्हणजे सात जणांना अर्ध्या रस्त्यात उतरवलं म्हण की!”

“बाबा, शाळेची पद्धतच आहे ती. निकाल—”

“अगं, एकाही स्टॉपवर थांबलो नसतो ना, तर मीही रोज वेळेच्या आधी पोचलो असतो. साहेबांनी पाठ थोपटली असती. पण मग गाडी काढली कशाला? चढायला वेळ लावणाऱ्यांना टाकून जायचं आणि वर मिरवायचं, आमची गाडी कधी लेट नाही!”

“ती नापास झाली होती, बाबा.”

“आणि तू? गणितात दोनदा आपटलीस. तेव्हा तुला कुणी ‘समजावायला’ आलं असतं तर?”

बाईंनी उठून तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा काढला. ‘रक्ताची कार्ये लिहा’ या प्रश्नाखाली त्या मुलीने लिहिलं होतं : ‘रक्त सगळीकडे पोचावं लागतं. आजीला एकाच कुशीवर ठेवलं तर दाबलेल्या जागी रक्त जात नाही. कातडीला हवा आणि अन्न मिळत नाही, ती मरते. म्हणून मी दर दोन तासांनी तिची कूस बदलते.’ खाली लाल शाईत बाईंचंच अक्षर : ‘पुस्तकातले लिहावे. शून्य.’

अरे देवा! उत्तर बरोबर होतं! बाईंनी तिथेच बसून सातही पेपर पुन्हा तपासले. ती मुलगी पास होती! सातांपैकी चौघं पास होती!

दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधीच त्या मुख्याध्यापकांसमोर उभ्या राहिल्या.

“परवाच अर्ज गेले, बाई. मुदत संपली.”

“चूक माझी आहे, सर. मी लेखी देते.”

“लेखी देऊन शाळेची अब्रू घालवणार का? पालकांनी स्वेच्छेने सही केलीय.” मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, “या नोकरीसाठी किती खस्ता खाल्ल्यात तुम्ही. जरा आठवा.”

बाईंनी तरीही लेखी दिलं. वरच्या कार्यालयातही दिलं, तीनदा खेटे घातले. उत्तर आलं नाही.

मग त्यांनी घरातल्या बाहेरच्या खोलीत सातांसाठी वर्ग सुरू केला. पहिल्या आठवड्यात चौघं आली, नंतर तिघं, शेवटी दोघं उरली. ती दोघं पुढे पास झाली, हे सांगायला हवं. बाकीची कुठे कुठे कामाला लागली होती. कंपाउंडर एका लाँड्रीत इस्त्री करत होती. आजी हिवाळ्यात गेली. घरी थांबायचं कारणही संपलं आणि शाळेत जायचंही.

निकाल शंभर टक्के लागला. सत्काराला बाईंना व्यासपीठावर बोलावलं. त्यांनी फुलांचा गुच्छ टेबलावर ठेवला आणि माइक हातात घेतला.

“माझ्या वर्गात अडतीस मुलं होती. एकतीस शाळेतून बसून पास झाली. माझा निकाल शंभर टक्के नाही. उरलेल्या सातांची नावं ऐका!”

तिसऱ्या नावाला माइक बंद पडला, की पाडला. बाईंनी उरलेली चार नावं तशीच मोठ्याने वाचली. टाळी एकही वाजली नाही. पहिल्या रांगेतले पालक मोबाइलकडे बघत राहिले. चौथ्या दिवशी बाईंच्या हातात खुलासा मागणारी शाळेची नोटीस पडली.

त्या दर सोमवारी शाळा सुटल्यावर लाँड्रीत जात. पुस्तकं नेत, पुढच्या वेळचा अर्ज नेत. एका सोमवारी मुलीने इस्त्री उभी करून ठेवली.

“बाई, तुम्ही नका येत जाऊ.”

“रागावलीस माझ्यावर?”

“नाही हो. तुम्ही आलात की मला परत नर्स व्हावंसं वाटायला लागतं. मग दोन दिवस कामात लक्ष लागत नाही.”

वाचकहो, बाई बदलल्या, पण त्या बदलल्याने त्या मुलीचं वर्ष परत आलं नाही. शिकवणाऱ्याने स्वतःचं स्वप्न कितीही कष्टाने मिळवलेलं असो, ते टिकवण्यासाठी दुसऱ्याच्या स्वप्नावर शून्य लिहायचा हक्क त्याला मिळत नाही. आणि आपण पालकांनीही, पुढे केलेल्या कागदावर सही करण्याआधी एकदा तरी विचारावं, माझं मूल नेमकं कुठे चुकलं ते दाखवा. त्या आईने विचारलं असतं तर पेपर त्याच दिवशी निघाला असता.

बाई पुढच्या सोमवारीही लाँड्रीत गेल्या. मुलीने मान वर केली नाही. बाईंनी अर्ज काउंटरवर ठेवला आणि तिचं हातातलं काम संपेपर्यंत त्या दारात उभ्या राहिल्या.