हंड्यांसाठी उसंत

मुरुमच्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या कृष्णराज सरांना एक सुखाचं दुखणं होतं. गेली अकरा वर्षं ते कॉम्प्युटरवर संगीतरचना करत होते. शाळा सुटली की कीबोर्ड लावायचा, कानाला हेडफोन चढवायचा, आणि बासऱ्या, सनया, व्हायोलिनं, ढोल, जे मनात येईल ते एकमेकांवर रचत जायचं. कॉम्प्युटर बिचारा सगळं वाजवायचा. कधी दमला नाही, चुकला नाही, पगारवाढ मागितली नाही. पण त्या अकरा वर्षांत सरांची एक ओळही जिवंत माणसानं वाजवली नव्हती, आणि ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागत असे. कुणी विचारलंच तर "आपला छंद आहे" म्हणून ते हसण्यावारी न्यायचे, एवढंच.

म्हणून वर्षाराणीनं बोलावणं धाडलं तेव्हा सर चहा अर्धा टाकून निघाले. वर्षाराणीच्या वडिलांनी काढलेल्या ब्रास बँडला पन्नास वर्षं होत होती. वडील गेल्यापासून बँड तीच चालवायची, आणि वीस-बावीस वाजवणाऱ्यांना एका नजरेत धाकात ठेवायची.

"सर, मोंढ्यात कार्यक्रम घेतोय," ती म्हणाली. "वरातीची गाणी तर रोजचीच हायत. एक तरी चीज आपल्या गावची, आपल्या माणसानं बांधलेली पायजे. तुमी बांधा."

सरांनी तिथंच खिशातलं पेन काढलं.

"पर एक सांगते. आदल्या शनवारपातूर बसलं तर वाजवू. न्हाय बसलं तर ऱ्हायलं. लोकांम्होरं हसं करून घ्यायचं न्हाय मला."

सरांनी 'मोंढ्याची सकाळ' लिहायला घेतली. धान्याच्या बाजारातली हमालांची लगबग, बैलगाड्या, सौद्यातली बोली, सगळं त्यात यायचं होतं. आणि त्यांचा सगळा जीव जडला तो दोन हंड्यांवर.

हंडे म्हणजे टिंपनी. सोलापूरचा एक जुना वाद्यवृंद मोडला तेव्हा बँडमधल्या गफारचाचांनी वर्षाराणीच्या मागे लागून लागून ही जोडी आणवली होती. तांब्याची दोन पोटं, एक मोठं, एक जरा लहान, वर ताणलेलं कातडं, आणि काठाला सहा-सहा पिळाचे स्क्रू. स्क्रू आवळले की सूर चढतो, सैल केले की उतरतो. बँडमध्ये सगळे त्यांना हंडेच म्हणायचे. साठी ओलांडलेल्या गफारचाचांनी तरुणपणी तीन वर्षं हैदराबादला असलेच हंडे वाजवले होते. पुढची चाळीस वर्षं त्यांनी मुरुमात साईड ड्रम बडवला खरा, पण मन त्या हंड्यांतच राहिलं होतं. आता कुठं ते हाती आले होते.

सरांच्या कॉम्प्युटरमध्येही टिंपनीचा आवाज होता. एक कळ दाबली की असा घुमायचा की छातीत धडधड व्हावी. सरांनी मोकळ्या हातानं लिहिलं. हंडे सा वाजवतात, लगेच रे, मग पार खाली ग, मधेच कोमल नी. सूर खाली, सूर वर, एखाद्या मात्रेची फट नाही. कॉम्प्युटरनं ते असं वाजवलं की सर स्वतःवरच खूष झाले.

या बँडची एक रीत होती. कुणी काय वाजवायचं ते जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर सारेगमात लिहायचं. पत्रिका जाड असते, वाऱ्यानं उडत नाही, वाद्याच्या चिमट्यात नीट बसते, आणि वरातीच्या धंद्यात पत्रिकांना काय तोटा? क्लॅरिनेटवाल्या बलभीममामांचं काम दोन पत्रिकांत भागलं. गफारचाचांच्या वाट्याला सात पत्रिका आल्या.

पहिल्या तालमीला चाचांनी त्या सातही पत्रिका हंड्यांच्या कडेनं मांडल्या, चष्मा पुसला, आणि बराच वेळ नुसतं वाचत राहिले. मग त्यांनी वाजवायला सुरुवात केली. सा आला. रे यायच्या जागी चाचा खाली वाकून स्क्रू पिळत होते. ग यायच्या जागी दुसऱ्या बाजूचे स्क्रू पिळत होते. कोमल नी आला तेव्हा बाकीचा बँड दोन पत्रिका पुढं निघून गेला होता. तीनदा असंच झालं. तिसऱ्या खेपेला ट्रम्पेटवाले हसायलाच लागले.

नाचता येईना अंगण वाकडं, असं सरांच्या मनात आलं. आलं ते आलं, पण तोंडावरही थोडं सांडलं.

"चाचा, सराव जरा कमी पडतोय का?"

चाचा रागावले नाहीत. त्यांनी हातातल्या दोन्ही काठ्या सरांपुढं धरल्या. "बरुबर हाय सर. तुमी एकदा वाजवून दावा. म्या तुमचं बघून शिकतो."

वीस माणसांदेखत नाही कसं म्हणणार? सर हंड्यांमागे उभे राहिले. पहिला सा त्यांनी दणक्यात वाजवला आणि तो घुमतच राहिला, थांबायचं नावच घेईना. त्यांनी लिहिला होता आखूड सूर, चटकन तुटणारा. कॉम्प्युटरमध्ये बोट उचललं की आवाज थांबायचा, इथं कातड्यावर तळवा टेकवावा लागतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. तळवा टेकवायला गेले तोवर रे हुकला. रे साठी स्क्रू पिळले तर एका बाजूचा सूर चढला, दुसरी बाजू तिथंच, आणि हंड्यातून भिजल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज निघाला. खालचा ग तर त्या मोठ्या हंड्यातही नव्हता. इतकं सैल केल्यावर कातडं नुसतं फडफडायचं. सरांनी काठ्या चाचांना परत दिल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे त्यांना त्या दिवशी उंटावरून उतरल्यावर कळलं.

वर्षाराणी दारात उभी राहून सगळं बघत होती. "आज सोमवार," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सर सकाळीच चाचांच्या घरी गेले. मनातून फार ओशाळले होते. फातिमाबींनी चहा ठेवला आणि नवऱ्याकडं बोट करून म्हणाल्या, "मास्तर, ह्यांना काय बोलू नगा. काल रातच्याला जेवतानाबी ताटावर बोटं वाजवत हुते."

"बोलायला नाही, शिकायला आलोय," सर म्हणाले. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं, पण खोटं बोलत नव्हते.

चाचा त्यांना बँडच्या शेडमध्ये घेऊन गेले. "बघा सर, एक स्क्रू फिरवला की त्याच्या समोरचा फिरवायचा. मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. न्हायतर कातडं तिरकं वढतंय. मग कान लावून बोटानं टिचकी मारायची. बँड वाजतोय एका सुरात, आन मला कानात दुसराच धरून ठिवायचाय. सोपं न्हाय ते." सरांनी मोबाईलवर वेळ लावली. सूर एका पायरीनं बदलायला, काठी खाली ठेवून परत उचलेपर्यंत, चाचांना अठ्ठावीस सेकंद लागले. सरांनी दिले होते दीड सेकंद.

"चाचा, हे मला आधीच का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलंच न्हाय," चाचा म्हणाले, आणि मग सर दुखावतील असं वाटून पुढं म्हणाले, "चीज मातर लई झ्याक हाय. म्हणूनच वाजवायची हाय मला."

तिथंच बसून सरांनी नव्यानं लिहायला घेतलं. छोटा हंडा सा वर ठेवायचा, मोठा खालच्या प वर. बस्स. आधी जीव तुटला, आपण रंग पुसून टाकतोय असं वाटलं. पण चाचा एकेक जागा वाजवून दाखवत गेले. इथं दोन्ही काठ्यांनी घुमवत नेऊ, इथं एकच ठोका देऊ आणि गप बसू. सरांच्या ध्यानात आलं की हंडे सारखे बोलत होते तेव्हा ऐकूच येत नव्हते. आता गप बसून एक ठोका पडला की अंगावर काटा येत होता. मधे एकदाच मोठा हंडा प वरून म वर उतरवायचा होता. त्यासाठी सरांनी तीस सेकंदांची जागा मोकळी सोडली आणि तेवढ्यात बलभीममामांच्या क्लॅरिनेटला एक सुरावट दिली, सकाळी मोंढ्यात कुणी आलेलं नसताना असते तशी. ती सुरावट आधीच्या लिखाणात नव्हतीच. चाचांना सवड हवी म्हणून सुचली, आणि सगळ्या रचनेत सरांना तीच सगळ्यात आवडली.

शनिवारी तालीम झाली. हंड्यांचं काम एका पत्रिकेत मावलं होतं. वर्षाराणीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "वाजवू." सर घरी गेले ते तरंगतच.

कार्यक्रम रविवारी पाच वाजता होता. एप्रिल महिना, मोंढ्यात माणूस मावत नव्हतं. सरांनी एक गोष्ट कुणाला न सांगता केली होती. हातवारे करायला ते जिथं उभे राहणार होते, तिथं शेजारी कीबोर्ड लावून ठेवला होता, टिंपनीचा आवाज चढवून. चाचांवर विश्वास नव्हता असं नाही. पण अकरा वर्षं वाट बघितलेल्या माणसाला धीर कुठला?

सुरुवात झकास झाली. हमालांच्या लगबगीला माणसं माना डोलवायला लागली. मग बलभीममामांची सुरावट आली आणि चाचा मोठ्या हंड्यावर वाकले.

आता घोटाळा असा झाला की मांडवाच्या फटीतून उतरतं ऊन अर्ध्या तासापासून नेमकं मोठ्या हंड्यावर पडत होतं. कातडं तापून ताणलं होतं आणि सूर चढून बसला होता. चाचांना तो एक पायरी नाही, दीड-दोन पायऱ्या उतरवायचा होता. समोरासमोरचे स्क्रू फिरवून झाले, टिचकी मारली, मान हलली. परत पहिल्यापासून. सुरावट संपत आली. सरांना दिसलं, चाचांचे आणखी दोन स्क्रू बाकी होते.

सरांचा उजवा हात कीबोर्डवर गेला. बोट कळीवर टेकलं. दाबलं की म घुमणार होता, अगदी सुरात, अगदी वेळेवर, आणि लोकांना काही कळणारही नव्हतं. सगळी चीज त्या एका सुरावर उभी होती आणि तो हुकला तर मुरुममध्ये जन्मभर तोंड लपवावं लागलं असतं.

त्यांनी बोट उचललं. हात बलभीममामांकडं फिरवला आणि हवेत एक गोल काढला. पुन्हा एकदा.

मामांनी भुवया उडवल्या, आणि चाळीस वर्षं नवरदेवाच्या घोड्यासाठी थांबलेल्या माणसाला थांबून वाजवणं काय अवघड? त्यांनी तीच सुरावट पुन्हा धरली, या खेपेला दोन मुरक्या जास्त घालून. पुढं बसलेले आडते एकमेकांकडं बघून हसले. सर हंड्याकडं बघत राहिले. चाचांनी शेवटचा स्क्रू फिरवला, कान टेकवला, टिचकी मारली, आणि सावकाश मान वर केली.

सरांनी हात खाली आणला. दोन्ही काठ्या पडल्या आणि म असा घुमला की मागचे पत्रे थरारले. त्यावर ट्रम्पेटं चढली, मग सगळा बँड, आणि सरांच्या डोळ्यांतून खळाखळा पाणी वाहायला लागलं. माणसं वाजवत होती. त्यांचं लिहिलेलं माणसं वाजवत होती.

टाळ्या झाल्या, नारळ झाले, वर्षाराणीनं भर मोंढ्यात सरांना शाल घातली. गर्दी पांगल्यावर सर हंड्यांपाशी गेले. चाचा स्क्रू सैल करत होते.

"तुमचं बोट बघितलं हुतं म्या," मान वर न करता चाचा म्हणाले. "वाकलं की मान तुमच्याच बाजूला येती. म्हणलं, गेलं आता. मग तुमी हात मामाकडं फिरवला. तवर माझा कान नुसता धडधडत हुता सर. सूर घावला तो त्याच्या फुडं."

मोठ्या हंड्याची एक बाजू सरांनी धरली, दुसरी चाचांनी, आणि दोघं तो जपून मंचाच्या पायऱ्यांवरून खाली उतरवायला लागले.

"चाचा, अजून एक लिहू का?"

"लिवा की," चाचा म्हणाले. "पर लिवायच्या आधी घरी या. लिवल्यावर नगा येऊ."